बेरीज नऊ

बुधवार, १ ऑक्टोबर २०२५. खंडेनवमी. सुजाताने घारगे केले. कालचे वरण आंबले, टाकून दिले. उल्हास शारजाहून आभाची जीप घेऊन आला. गाडीला झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबे. बिल्डिंगच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये नारळ फोडू देत नाहीत, हे त्याला याही वर्षी नव्याने कळले. संध्याकाळी आभाबरोबर गाडीतून फिरून आले. गाडी ओरडते.

त्या दिवशी मी एवढेच लिहिले. रोजनिशीत घडले तेवढे लिहावे, स्वतःचे मत लिहू नये, असे आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर सांगत, आणि साठ वर्षे मी ते पाळले आहे. हे मात्र रोजनिशीबाहेरचे आहे. उल्हासविषयी लिहायचे तर मताशिवाय भागणार नाही.

उल्हास माझा धाकटा दीर. माझ्या लग्नात तो दहा वर्षांचा होता आणि बुंदीचा लाडू खिशात ठेवून त्यावर बसला होता. तरी सासूबाईंनी मला त्याला भावजी म्हणायला लावले, आणि तुम्ही म्हणायला लावले. तोंडाने मी अजून म्हणते. लिहिताना म्हणत नाही.

माझ्या यजमानांनी, म्हणजे विजयकुमारांनी, त्याला दुबईला बोलावून घेतले, नोकरी लावून दिली, पुढे धंद्यालाही मदत केली. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात त्याचे दुकान आहे. एसीच्या हवेसाठी लागणारे पत्र्याचे बोगदे तो बनवून देतो. बरे चालते. चालण्याचे श्रेय मात्र त्याने कधी पत्र्याला दिले नाही, कारागिरांना तर नाहीच. दुकानाचा नंबर सत्तावीस आहे. दोन आणि सात, नऊ. संपले.

उल्हासला कुणीतरी, बहुधा विमानात शेजारी बसलेल्या कुणी रिकामटेकड्याने, नऊ हा त्याचा आकडा असल्याचे सांगितले. तेव्हापासून त्याने आयुष्यात दुसरा कसलाही विचार करण्याची तसदी घेतलेली नाही. दुबईत अल मनखूलमधला हा फ्लॅट त्याने घेतला तेव्हा त्याच भाड्यात चौथ्या मजल्यावर मोठ्या स्वयंपाकघराचा फ्लॅट मिळत होता. त्याचा नंबर ४०२. आम्ही राहतो ३०६ मध्ये. आमच्या बाल्कनीसमोर सबंध गल्लीच्या कचऱ्याची लोखंडी पेटी आहे. बाल्कनीच्या दाराची खिटी पहिल्याच वर्षी तुटली, वारा सुटला की दार भिंतीवर आपटते, आणि ते दुरुस्त करण्याला योग्य असा दिवस उल्हासला अजून सापडलेला नाही.

विजयकुमारांचे मूतखड्याचे ऑपरेशन होते तेव्हा त्यांना खोली मिळाली २११. उल्हास नर्सशी हुज्जत घालत बसला की २१६ द्या. ती रिकामी होऊन, धुऊन-पुसून मिळेपर्यंत ते दोन तास कॉरिडॉरमध्ये स्ट्रेचरवर पडून होते. त्या दुखण्यातून ते बरे झाले. उल्हास ते अजून स्वतःच्या खात्यात धरतो. पुढच्या दुखण्यात ते गेले, तेव्हा खोलीचा नंबर १०८ होता. त्याविषयी तो काही बोलत नाही.

मी त्याच्याकडे राहते याचे कारण साधे आहे. माझा व्हिसा मुलाच्या, निखिलच्या नावावर आहे आणि तो अल रीम आयलंडवर एकतिसाव्या मजल्यावर राहतो. तिथे दिवसभर काचेतून दुसऱ्या काचा बघत बसावे लागते. अल मनखूलला निदान खाली उतरले की कढीपत्ता मिळतो. आणि इथे आभा आहे.

आभा ही उल्हासची आणि त्याच्या बायकोची, सुजाताची, एकुलती एक मुलगी. वय अठ्ठावीस. विमा कंपनीत दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसते आणि दर शनिवारी वाळवंटात गाडी चालवायला जाते. त्यांचा एक ग्रुप आहे. त्यातले बरेचसे पुरुष महागड्या टोप्या घालून, गाडीला फावडे बांधून, पहिल्या टेकाडावर रुततात आणि फोटो काढून घेतात. आभा रुतलेल्यांना बाहेर ओढून काढते. तिला वाळू कळते. पर्यटकांना लिवाच्या मोठ्या टेकड्यांत नेणाऱ्या एका कंपनीने तिला सांगितले होते, की ग्रुपची मार्शलची, म्हणजे मागच्या गाड्यांना वाट दाखवणाऱ्याची, परीक्षा पास हो, नोव्हेंबरपासून ये. परीक्षा चार ऑक्टोबरला, शनिवारी, लिवातच. त्यानंतरची थेट पुढच्या वर्षी. विम्याचा राजीनामा तिने लिहून ठेवला होता, दिला नव्हता.

आता त्या जीपविषयी मला जेवढे समजले तेवढे सांगते. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या आसात दातेरी चाकांची एकेक जोडी असते, एक मोठे कडे आणि त्याला फिरवणारे एक लहान चाक. लहान चाक किती वेळा फिरले म्हणजे मोठे एकदा फिरते, तो त्या जोडीचा आकडा. आभाने वाळूसाठी मोठे टायर घातले होते. मोठे टायर फिरवायला जोर जास्त लागतो, म्हणून गाडी मंदावली होती. तर ही दातेरी चाके बदलायची. आकडा फार लहान ठेवला तर वाळूत दम लागतो, फार मोठा घेतला तर हमरस्त्यावर इंजिन उगाच गरगरते आणि तापते. आभाने आठवडाभर जेवणाच्या टेबलावर कागद पसरून हिशेब केला, टायर, इंजिन, लिवापर्यंतचा तीनशे किलोमीटरचा रस्ता, सगळे धरून. मला म्हणाली, “काकू, it’s like choosing cycle gears. चार छप्पन. Final.”

सुट्या भागांचे दुकान शारजाला, गॅरेज शारजाला, आणि तिला सुटी नाही. उल्हास म्हणाला, “मी आहे ना! माझ्या दुकानापासून दोन गल्ल्या. तू फक्त गाडी ठेवून जा.”

इथे तिने नको म्हणायला हवे होते. पण मुली बापाला किती ओळखतात?

सुट्या भागांच्या दुकानात चार छप्पनची जोडी फळीवर तयार होती. तरी माल येईना. “वाटेत आहे,” उल्हास म्हणे. “आज येतो, उद्या येतो, इन्शाल्ला.” तीन आठवडे आभा मेट्रोने ऑफिसला गेली. मग एके दिवशी माल आला, पण बसवला नाही. का, तर खंडेनवमी चार दिवसांवर आली होती. हत्यारांची पूजा ज्या दिवशी करायची त्याच दिवशी गाडीत नवे लोखंड बसावे, आणि शिवाय ती नवमी. उल्हासच्या चेहऱ्यावर अशा वेळी जे समाधान दिसते ते मी गाईच्या चेहऱ्यावरही पाहिले आहे, पण गाय रवंथ तरी करत असते.

बुधवारी संध्याकाळी आभा ऑफिसमधून आली ती बूट न काढताच किल्ली घेऊन निघाली. “काकू, चला, एक राउंड.” माळा तशाच ठेवून आम्ही निघालो. गल्लीत गाडी बरी वाटली. हमरस्त्याला लागलो, आभाने वेग वाढवला आणि इंजिन असे ओरडायला लागले की मला वाटले ती गिअर बदलायला विसरली. ती समोरच्या, इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्याकडे बघत राहिली.

“सव्वातीन हजार,” ती म्हणाली. “At one-twenty. काकू, हा चार छप्पन नाही.”

पुढच्या वळणावरून तिने गाडी परत फिरवली. येताना झेंडूच्या पाकळ्या काचेवर येऊन चिकटत होत्या आणि ती दर वेळी वायपर चालवत होती.

उल्हास बनियनवर घारगे खात बसला होता.

“बाबा, कुठला रेशो घातलाय?”

“पाच तेरा!” तो असा म्हणाला की जणू पेढ्याचा पुडा उघडतो आहे.

“I ordered four fifty-six.”

“हो, बघितलं मी. चार, पाच, सहा. बेरीज पंधरा. पंधरा म्हणजे सहा. सहा म्हणजे शुक्र. शुक्राचं गॅरेजमध्ये काय काम? मग दुकानदार म्हणाला, चार अठ्ठ्याऐंशी घ्या. त्याची बेरीज वीस, म्हणजे दोन. दोन म्हणजे चंद्र. वाळवंटात चंद्र घेऊन काय चाटायचाय? मग मी म्हटलं, आणखी काय आहे? तो म्हणाला, पाच तेरा आहे, पण मागवावा लागेल, अमेरिकेहून येईल. पाच, एक, तीन! मी म्हटलं, मागव! नऊ म्हणजे मंगळ, बेटा. लाल ग्रह, लाल वाळू. हबीबी, परफेक्ट!”

आभा खुर्चीवर बसली. “बाबा, it’s a gear.”

“गिअर आहे म्हणूनच. जिवाशी खेळ आहे. अंगठी असती तर मी बोललोही नसतो.”

मी म्हटले, “भावजी, एक जोडी पुढच्या आसात आणि एक मागच्या. दोन नऊ म्हणजे अठरा झाले. अठराचे पुन्हा नऊ. हे तुमच्या ध्यानात आलंय ना?”

मी ते ज्या सुरात म्हटले तो सूर इतर कुणाला कळला असता. उल्हासने घारगा खाली ठेवला. “वहिनी!” तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. “हे माझ्या लक्षातच नव्हतं आलं! दादा असते तर...”

दादा असते तर त्यांनी पेपर तोंडासमोर धरला असता.

मग आभाने त्याला समजावले. शांतपणे समजावले, ते मला जास्त वाईट वाटले. नवी दातेरी चाके एकमेकांवर घासून बसावी लागतात. सुरुवातीला थोडेसे चालवायचे, गार होऊ द्यायचे, पुन्हा थोडेसे, असे काही दिवस, मग तेल बदलायचे. पहिल्याच दमात तीनशे किलोमीटर, तेही सव्वातीन हजारावर, आणि त्यानंतर वाळूत रगडायचे म्हणजे ती जळणार. चार छप्पन तीन आठवड्यांपूर्वी बसले असते तर आतापर्यंत बसून तयार झाले असते.

“आज बुधवार आहे, बाबा. परीक्षा शनिवारी आहे.”

“मग त्यात काय? नऊ सांभाळून घेईल.”

“आणि नाही सांभाळलं तर?”

“तर पुढच्या वर्षी. यल्ला, नोकरी आहे ना तुला? चांगली एसीतली.”

आभा उठली. तिने मागे बाथरूमचे दार लावून घेतले आणि नळ सोडला. सुजाताने टेबलावर पाने मांडली आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, “नऊ वाजले. आता तरी जेवून घ्या.” तीस वर्षांच्या संसारात ती इतकेच बोलायला शिकली आहे, पण नेमके बोलते.

गुरुवारी दसरा. आभाने ऑफिसला फोन करून रजा घेतली आणि म्हणाली, “काकू, येता?” मी पर्स घेतली. उल्हास आपट्याची पाने आणायला गेला होता. त्याला हवी तेवढी पाने मिळेपर्यंत, म्हणजे जुडीत मोजून अठरा होईपर्यंत, तो येणार नव्हता.

गॅरेजवाला पठाण होता, दाढीला मेंदी लावलेला. सद्गृहस्थ वगैरे काही नव्हता. ज्याचा फोन येईल त्याचे खरे मानायचे, एवढे त्याचे धोरण. आभाने त्याला विचारले, की जुनी चाके कुठे आहेत? गाडीतून निघालेली, कारखान्यातून आलेली, तीन त्र्याहत्तरची?

तो कानाची पाळी ओढत म्हणाला, “मॅडम, आपके फादर बोले फेंक दो. बोले इसका टोटल चार आता है, घर मत भेजना.”

“फेंक दिया?”

“फेंका नहीं,” तो जरा खजील होऊन म्हणाला. “भंगारवाला जुम्मे को आता है.”

फेकायला सांगितलेला माल तो विकणार होता. पठाणाच्या त्या लबाडीने आभाची परीक्षा वाचवली, हे मला लिहून ठेवलेच पाहिजे. मागच्या कोपऱ्यात डिझेलच्या बादलीत ती चारही चाके पडली होती. आभा खाली बसली, एकेक उचलून दातांवरून बोट फिरवून बघितले. कुर्ता खराब झाला. “ये लगाओ,” ती म्हणाली. “यही. आगे भी, पीछे भी.”

“मॅडम, नया निकाल के पुराना?”

“पुराना घिस के बैठा हुआ है. चलेगा.”

ही जुनी चाके वाळूत मंद पडणार हे तिला माहीत होते. पण तिला त्यांची सवय होती. गाडी कुठे दम टाकते, कुठे आधीच वेग धरावा लागतो, हे ती दोन वर्षे शिकली होती. जळणाऱ्या नव्यापेक्षा मंद जुने पत्करले. याला मी निवड म्हणते.

गाडी वर उचलली आणि तेल काढायला घेतले, तेवढ्यात पठाणाच्या फोनवर उल्हास. त्याने फोन स्पीकरवर टाकला.

“काम रोको! मेरी लडकी को समझता नहीं है. आज दसरा है, आज निकालने का दिन नहीं है, आज डालने का दिन है! वहिनी आहेत का तिथे? वहिनी, तुम्ही तरी सांगा तिला!”

“मी ऐकू येत नसल्यासारखी बसले आहे, भावजी,” मी म्हटले.

आभाने फोन हातात घेतला. “बाबा, मुल्किया कुणाच्या नावावर आहे?” मुल्किया म्हणजे इथले गाडीचे नोंदणीपत्र.

तिकडून पुन्हा दसऱ्याचेच सुरू झाले.

“कुणाच्या?”

“तुझ्या. पण बाप...”

“खलास.” तिने फोन परत दिला. पठाणाने पाना उचलला. त्याला हवे ते उत्तर मिळाले होते, कागदावर नाव कुणाचे.

शुक्रवारी नमाजाच्या आधी गाडी तयार झाली. पाच तेराच्या दोन्ही जोड्या एका गोणीत घालून पठाणाने मागच्या सीटखाली ठेवली होती. आभाने ती गोणी तळघरात आल्यावर बापाच्या पायाशी ठेवली. दुकानदार वापरलेला माल परत घेत नाही, हे उल्हासला त्या सकाळी फोनवर कळले होते. तो आभाशी बोलत नव्हता. तरी त्याने पुढच्या बंपरला नवे लिंबू-मिरची बांधले. माझ्याकडे बघत आभा म्हणाली, “राहू दे काकू, वाटेत सरबत करेन.” आणि गेली.

शनिवारभर उल्हास घरात येरझाऱ्या घालत होता. फोन हातात, टीव्ही बंद. हे मी मुद्दाम लिहिते, कारण त्याला मुलीची काळजी नाही असे मला म्हणायचे नाही. त्याला काळजी आहे. पण त्या काळजीचे काय करायचे ते त्याला कळत नाही, म्हणून तो तिची बेरीज करतो.

रविवारी दुपारी आभा आली. नाक सोललेले, केसांत वाळू, ओठ फाटलेले. दारातच म्हणाली, “Passed.” सुजाताने तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटे मोडली. मग आभा माठातले पाणी प्यायली आणि बसून थोडे सांगितले. गाडी मंदच होती. एका उंच टेकडीवर तिसऱ्या प्रयत्नाला चढली. परीक्षा घेणारा म्हणाला, की तुझी गाडी यांच्यातली सगळ्यात सुस्त, पण तू एकदाही रुतली नाहीस आणि मागच्या कुणाला रुतू दिले नाहीस. राजीनामा तिने वाटेतच पेट्रोल भरताना पाठवून दिला होता. चार छप्पनची जोडीही तिने स्वतः फोन करून सांगून ठेवली होती. उचलायला ती स्वतःच जाणार आहे.

उल्हास हे सगळे ऐकत होता. त्याचे ओठ हलत होते. बेरीज करताना ओठ हलवू नका, असे आमच्या सिस्टर म्हणत. ज्याला उत्तर आधीच ठाऊक असते त्याचेच ओठ हलतात.

“परीक्षेत तुझा नंबर कितवा होता?” त्याने विचारले. तीन दिवसांतला त्याचा तिच्याशी पहिला शब्द.

“पाचवा.”

“आणि तारीख चार!” तो खुर्चीतून उठला. “चार आणि पाच! सुजाता, ऐकलंस? मी म्हणत नव्हतो?”

बेरीज नऊ येईपर्यंत करत राहायची आणि नऊ आली की थांबायचे, ही त्याची रीत. आभाने माझ्याकडे बघितले. मी बघितले नाही, कारण मला हसू आले असते आणि त्याला वाटले असते आनंदाने.

पुढच्या अर्ध्या तासात त्याने मुंबईला, पुण्याला आणि खालच्या वॉचमनला फोन केले. “गिअर मी बदलून दिले ना,” असे तो प्रत्येकाला सांगत होता. ते खोटे नव्हते. त्याने एकदा बदलून दिले होते. मग पेढे आणायला गेला आणि परत आला तेव्हा तळघरातून ती गोणीही वर घेऊन आला. पाच तेरा विकायचे नाही, म्हणाला. नऊ एकदा घरात आला की बाहेर जाऊ द्यायचा नाही. देव्हाऱ्याजवळ ठेवू म्हणत होता. सुजाता म्हणाली, तेलाचे डाग पडतील, बाल्कनीत ठेवा. त्याने लहान चाके आणि एक कडे गोणीत राहू दिले आणि दुसरे मोठे, जड कडे बाल्कनीच्या उघड्या दाराला टेकवून जमिनीवर ठेवले. हळदकुंकू वाहिले.

सगळे जेवून आपापल्या खोलीत गेल्यावर मी रोजनिशी काढली. पेढे बारा, आभा सुखरूप आली, असे लिहिले, आणि शेवटी आणखी एक ओळ:

संध्याकाळी जोराचा वारा सुटला. बाल्कनीचे दार आपटले नाही.